जुना ॲनालॉग सिंथ हाती आला तर: आधी बॅटरी, मग वीज, मग सूर

सोलापुरात एका काकांकडे मी कोर्ग पॉलीसिक्स हा जुना ॲनालॉग सिंथ, म्हणजे विजेच्या सर्किटमधून सूर काढणारं कीबोर्ड वाद्य, बघायला गेलो होतो. काका ऑर्केस्ट्रात वाजवायचे. वाजवणं थांबल्यावर सिंथ चादरीत गुंडाळून पलंगाखाली गेला आणि वीस वर्षं तिथेच राहिला. काकांनी चादर सोडली, पट्ट्यांवरून हात फिरवला आणि वायर घेऊन प्लगकडे निघाले. "चालतो हो. फक्त आवाज निवडायची बटणं मध्येच भलतंच काहीतरी करतात."

मी त्यांना थांबवलं. "काका, लावू नका. आधी उघडून बघू."

पॅनल उचललं तर आतल्या एका बोर्डावर बोटाच्या पेराएवढी बॅटरी, आणि तिच्याभोवती मोरचुदाच्या रंगाची खपली. बॅटरीच्या पायापासून ती ट्रॅकवरून, म्हणजे बोर्डावरच्या तांब्याच्या बारीक रेघांवरून, सरकत दोन आयसींच्या (चिपच्या) पायांपर्यंत पोचली होती. काका बराच वेळ बघत राहिले. "म्हणजे मी नीट ठेवला नाही म्हणून खराब झाला का?" तसं नव्हतं. ती बॅटरी कुठेही ठेवली असती तरी गळलीच असती. पण त्या ओलसर क्षारातून वीज गेली असती, तर उरलेले ट्रॅकही खाल्ले गेले असते.

गेली काही वर्षं पुण्यात घरच्या एका खोलीत मी ही वाद्यं दुरुस्त करतो. एवढ्या काळात एक गोष्ट पक्की कळली. चाळीस वर्षं जुना सिंथ वयामुळे क्वचित मरतो. मालक बदलताना तो मरतो: कुणी उत्साहात प्लग लावतो, कुणी चुकीचा स्प्रे मारतो, कुणी पातळ खोक्यात भरून पाठवतो. म्हणून कामाचा क्रम फार महत्त्वाचा. खाली तो माझ्या पद्धतीने सांगतो.

कोणता घ्यावा

ॲनालॉग सिंथ म्हटलं की सगळ्यांच्या डोळ्यांसमोर १९७० चा मिनीमूग किंवा १९७८ चा प्रॉफेट-५ येतो. दोन्ही थोर वाद्यं आहेत, पण पहिली दुरुस्ती त्यांच्यावर करू नये. त्यांच्या किमती प्रचंड, आणि शिकताना झालेली चूक परवडणारी नसते. माझ्या मते सुरुवातीला दोन वाद्यं योग्य: १९८१ चा कोर्ग पॉलीसिक्स आणि १९८४ चा रोलँड ज्युनो-१०६. दोन्ही ६१ पट्ट्यांची, दोन्हींत एका वेळी सहा सूर वाजतात, दोन्हींचे सर्व्हिस मॅन्युअल सहज मिळतात, आणि दोन्हींचे आजार इतक्या लोकांनी इतक्या वेळा बरे केलेत की तुम्ही एकटे पडत नाही.

सहा सुरांचा सिंथ म्हणजे एकाच सर्किटच्या सहा प्रती, हे दुरुस्तीला बसणाऱ्याने मनात कोरून ठेवावं. एक सूर आजारी पडला तरी शेजारचे पाच धडधाकट असतात. धडधाकट सुराच्या सर्किटमध्ये एखाद्या बिंदूवर किती व्होल्ट आहेत ते मोजा, आजारी सुराच्या त्याच बिंदूवर मोजा. जिथे आकडे वेगळे पडायला लागतात तिथे बिघाड. मिनीमूगसारख्या एका वेळी एकच सूर देणाऱ्या वाद्यात असा शेजारी मिळत नाही.

आपल्याकडे ही वाद्यं नव्हतीच असं समजू नका. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत १९६९ मध्ये मूग कंपनीचा मोठा मॉड्युलर (सुटे भाग वायरींनी जोडून वाजणारा) सिंथ बसवला होता. वादक केरसी लॉर्ड यांनी सत्तरच्या दशकात हिंदी चित्रपटसंगीतात मूग आणला. वादक चरणजित सिंग यांनी १९८२ मध्ये मुंबईत रोलँडचे जुपिटर-८ सिंथ, टीबी-३०३ बेस यंत्र आणि टीआर-८०८ तालयंत्र घेऊन रागांवरची रेकॉर्ड केली, तीही ही यंत्रं जगात नवीन असताना. म्हणजे स्टुडिओंमधून, वादकांच्या घरांतून अशी वाद्यं आजही पडून असणार. चोरबाजारात फेऱ्या मारण्यापेक्षा जुन्या ऑर्केस्ट्रावाल्यांना भेटा. चहा घ्या, ऐका, घाई करू नका. आणि त्यांना खरी किंमत सांगा. ज्याने चाळीस वर्षं ते वाद्य सांभाळलं त्याच्या अज्ञानाचा फायदा घेऊन केलेला सौदा मला सौदा वाटत नाही.

दुसरा मार्ग जपान. तिथले विक्रेते एखाद्या वस्तूवर 'जंक' लिहितात. त्याचा अर्थ भंगार असाच नसतो. तपासलेली नाही, परत घेणार नाही, एवढाच असतो. मी घेतलेल्या 'जंक' ज्युनोचा फक्त एक सूर गेला होता.

घेण्याआधी काय बघायचं

समोर असेल तर आधी वास घ्या. ओल आणि बुरशीचा वास लपत नाही. मग स्क्रूंची डोकी बघा. ती झिजलेली, चेचलेली असतील तर आत कुणीतरी जाऊन आलंय, आणि जाणारा हळव्या हाताचा नव्हता. मागच्या जॅकवर गंज असेल तर आतल्या कनेक्टरवरही असणार. स्लाइडर एकेक करून पूर्ण वर-खाली करा. वाकलेला दांडा म्हणजे कधीतरी वाद्य तोंडावर पडलंय किंवा त्याच्यावर काहीतरी ठेवलं गेलंय.

लांबून घेत असाल तर व्हिडिओ मागा आणि काय करून दाखवायचं ते तुम्हीच सांगा. सहा पट्ट्या एकत्र दाबून धरायच्या आणि एकेक सोडायची. प्रत्येक पट्टी, काळ्यांसकट, एकदा वाजवायची. फिल्टरचा, म्हणजे आवाजाची धार कमी-जास्त करणाऱ्या भागाचा, स्लाइडर सावकाश वरून खाली आणायचा. ज्युनो-१०६ असेल तर 'की ट्रान्सपोज' बटण दाबून धरून चालू करायला सांगा. मग तो टेस्ट मोडमध्ये जातो आणि प्रत्येक पट्टीला कोणता सूर लागला त्याचा क्रमांक डिस्प्लेवर दाखवतो. खरखरणारा सूर तिसरा की पाचवा, हे घरबसल्या कळतं.

पॉलीसिक्सबाबत मात्र व्हिडिओपेक्षा एक फोटो मोलाचा: आतल्या केएलएम-३६७ बोर्डाचा, बॅटरीच्या बाजूने. तो द्यायला नकार मिळाला तर बॅटरी गळलेली आहे असं धरूनच किंमत ठरवा.

वीज

जपानातलं वाद्य १०० व्होल्टचं, अमेरिकेतलं साधारण १२० चं, आपल्या भिंतीत २३०. मागच्या पट्टीवर छापलेला आकडा वाचल्याशिवाय कुठलाही प्लग कुठेही घालायचा नाही.

जपानी वाद्याला बाजारात सहज मिळणारा ११० व्होल्टचा स्टेपडाउन (व्होल्टेज उतरवणारा ट्रान्सफॉर्मर) लावू नका. दहा टक्के जादा दाब आतल्या ट्रान्सफॉर्मरमधून पुढे तसाच जातो आणि रेग्युलेटरला (व्होल्टेज ठरावीक ठेवणाऱ्या भागाला) तो उष्णता म्हणून टाकून द्यावा लागतो. त्यात आपल्याकडे रात्री लाइन २४५ पर्यंत चढलेली मी मोजली आहे. २३० ला १०० देणारा ट्रान्सफॉर्मर अशा वेळी १०६ च्या वर देतो. तेवढं चालून जातं. ११० वाला मात्र ११७ देतो. म्हणून मी १०० व्होल्टचा, दोन वेगळ्या वाइंडिंगचा ट्रान्सफॉर्मर गुंडाळून घेतो. स्वस्तातल्या ऑटो ट्रान्सफॉर्मरमध्ये एकच वाइंडिंग असतं, त्यामुळे वाद्य आणि भिंतीतली लाइन यांच्यात आडपडदा राहत नाही. या वाद्यांना काही दहा वॉट लागतात. १०० व्हीए क्षमतेचा ट्रान्सफॉर्मर पुरेसा.

पहिल्यांदा वीज देताना इलेक्ट्रिशियन वापरतात तो सिरीज बोर्ड घ्या आणि त्यात ६० वॉटचा जुना, तारेचा बल्ब लावा. एलईडी इथे उपयोगाचा नाही. बल्ब क्षणभर उजळून मंद झाला तर ठीक. लख्ख पेटून राहिला तर आत शॉर्ट आहे. तिथेच बंद करा. वाद्याच्या जागी बल्ब पेटला, वाद्य जळण्यापासून वाचलं.

त्याही आधी पॉवर सप्लायचा कनेक्टर बाकीच्या बोर्डांपासून सोडवून ठेवा. नुसता पॉवर सप्लाय चालू करून मोजा: बहुतेक वाद्यांत अधिक-उणे १५ व्होल्ट आणि ५ व्होल्ट मिळायला हवेत, नेमके आकडे मॅन्युअलमध्ये असतात. मग सिरीज बल्ब काढून, सगळं जोडून, पुन्हा मोजा, कारण भाराशिवाय बरोबर दिसणारा सप्लाय भार आला की कोसळू शकतो. शेवटी मल्टिमीटर एसीवर टाकून त्याच जागी रिपल, म्हणजे मागे राहिलेली एसीची लहर, बघा. काही मिलीव्होल्ट चालतील. पन्नास-शंभर मिलीव्होल्ट आणि स्पीकरमध्ये १०० हर्ट्झची घुरघुर असेल तर पॉवर सप्लायचे फिल्टर कपॅसिटर सुकलेत. ते बदला: तेवढ्याच मायक्रोफॅरडचे, व्होल्टेज तेवढं किंवा थोडं जास्त, १०५ अंशांचे. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्यात तपकीर गल्लीत मिळतात, पण नामांकित कंपनीच्या नावाचे डुप्लिकेटही तिथेच मिळतात. चांगल्या दुकानदाराशी ओळख वाढवा, तोच म्हणेल, "हा नको, तो घ्या."

पॉवर सप्लायमधल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये बंद केल्यावरही चार्ज असतो. प्लग काढून दहा मिनिटं थांबा आणि मीटरने शून्य दिसल्याशिवाय बोट घालू नका. भिंतीच्या विजेच्या बाजूला काम करण्याची सवय नसेल तर तेवढा भाग जाणकाराकडून करून घ्या. यात कमीपणा नाही.

पॉलीसिक्सची गळलेली बॅटरी

पॉलीसिक्स ३२ आवाज लक्षात ठेवतो. ते सांभाळायला ३.६ व्होल्टची निकेल-कॅडमियम बॅटरी थेट केएलएम-३६७ वर सोल्डर केलेली असते. तिच्यातून गळतं ते पोटॅशियम हायड्रॉक्साइड, म्हणजे तीव्र क्षार. हाच बोर्ड पट्ट्या आणि बटणं वाचतो, सूर वाटून देतो. त्यामुळे गळतीची लक्षणं चक्रावणारी असतात: एक सूर अडकून बसतो, बटण दाबलं तर भलताच आवाज येतो, अर्धा कीबोर्ड मुका होतो. लोक महागड्या फिल्टर चिप बदलत बसतात आणि दोष असतो खाल्लेल्या ट्रॅकमध्ये.

काकांच्या वाद्यावर मी हे असं केलं.

१. रबरी हातमोजे आणि चष्मा घातला. खपली कोरडी दिसली तरी ती डोळ्यात जाऊ देऊ नये.

२. प्रत्येक कनेक्टरचे फोटो काढले, कागदी टेपवर क्रमांक लिहून चिकटवले आणि मग बोर्ड बाहेर काढला. कनेक्टर वायरीला धरून ओढायचे नाहीत. क्षार लागलेल्या पिना तुटतात.

३. बॅटरी डिसोल्डर करत बसलो नाही. क्षार चढलेल्या जोडावर सोल्डर वितळत नाही आणि उष्णतेने पॅडच (सोल्डर धरणारा तांब्याचा ठिपका) उचकटतो. कटरने पाय कापून बॅटरी काढली. उरलेले तुकडे धुतल्यानंतर काढले.

४. पांढरं व्हिनेगर आणि मऊ टूथब्रश. क्षाराशी व्हिनेगर भेटलं की बारीक बुडबुडे येतात. ते यायचे थांबेपर्यंत थोडं थोडं लावत राहायचं, पुसत राहायचं. मग डिस्टिल्ड वॉटर भरपूर. व्हिनेगर मागे राहिलं तर तेही गंज आणतं. शेवटी ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि पंख्याखाली एक पूर्ण दिवस.

५. आता खरी पाहणी. हिरवा मुलामा जिथे काळवंडलाय तिथे फायबरग्लास पेनने हलकेच खरवडायचं. खालचं तांबं लालसर चमकलं तर ट्रॅक जिवंत. काळी पूड निघाली तर गेला. सर्किट डायग्राम शेजारी ठेवून मल्टिमीटरच्या बीपवर एकेक ट्रॅक टोकापासून टोकापर्यंत तपासला. नुसत्या डोळ्यांवर विसंबू नका. केसाएवढी भेग डोळ्याला दिसत नाही.

६. या बोर्डावर अकरा ट्रॅक तुटले होते. प्रत्येकासाठी केसासारखी इन्सुलेटेड तार, दोन्ही टोकांना पक्क्या पॅडवर सोल्डर. भरपूर फ्लक्स, म्हणजे सोल्डर धरायला मदत करणारा लेप, लावायचं. क्षार लागलेलं तांबं फ्लक्सशिवाय सोल्डर धरत नाही. दोन आयसींचे पाय खाल्लेले होते. ते बदलून तिथे सॉकेट बसवले.

७. नवी बॅटरी बोर्डावर परत बसवायची नाही. सीआर२०३२ चा होल्डर घ्या, वायर लावून बोर्डापासून दूर, बॉडीला चिकटवा. पण मूळ सर्किट बॅटरीला चार्ज करतं, आणि लिथियम नाणेसेल चार्ज झाला तर फुटू शकतो. म्हणून धन टोकाकडे चार्ज आणणारा रेझिस्टर डायग्रामवर शोधून काढून टाका, आणि सेलच्या वाटेत एक शॉटकी डायोड घाला, प्रवाह फक्त सेलकडून बोर्डाकडे जाईल असा. डायोडवर साधारण ०.३ व्होल्ट पडतात; उरलेल्या २.७ वर मेमरी आरामात टिकते.

तीन रविवार गेले. गळती याच्याही पुढे गेली असेल तर हौशी मंडळींनी नव्याने बनवलेला पूर्ण बोर्ड मिळतो, आणि तो घेण्यात मला काही गैर वाटत नाही. जुना बोर्ड फेकू नका, पिशवीत घालून वाद्याबरोबर ठेवा.

पुसलेले आवाज परत भरता येतात. पॉलीसिक्स आणि ज्युनो-१०६ दोन्हींना कॅसेटची सोय आहे: आवाजांची माहिती ध्वनीच्या रूपात बाहेर येते आणि तशीच आत जाते. टेपच्या जागी कॉम्प्युटरवरची रेकॉर्डिंग चालते. ज्युनोची बॅटरी गळकी नसते, पण वय झालेलं असतं. तिथे आधी १२८ आवाज रेकॉर्ड करून घ्या, मग सेल बदला, मग परत भरा.

सहाही सूर लागले त्या रात्री मी काकांना फोन लावून स्पीकरवर ठेवला. त्यांनी एकच विचारलं, "एन्सेम्बल लागतोय का?" आवाज दाट, पसरट करणाऱ्या त्या इफेक्टचं बटण दाबलं. पलीकडे ते काही बोलले नाहीत, फोनही ठेवला नाही.

ज्युनो-१०६ चे सहा काळे तुकडे

ज्युनोतला नेहमीचा आजार म्हणजे ८००१७ए नावाचे सहा मॉड्यूल. प्रत्येकात एका सुराचा फिल्टर आणि आवाजाची पातळी सांभाळणारं सर्किट, आणि वरून काळं इपॉक्सी थापलेलं. वर्षांनुवर्षांत हे आवरण आतल्या नाजूक सर्किटमध्ये वीज झिरपू देतं. मग सूर खरखरतो, पट्टी सोडली तरी रेंगाळतो, किंवा गायबच होतो. वर सांगितलेल्या टेस्ट मोडने दोषी क्रमांक शोधा.

उपाय दोन. एक, मॉड्यूल काढून ॲसिटोनमध्ये एक-दोन दिवस बुडवायचा आणि मऊ झालेलं आवरण लाकडी काडीने सोलायचं. पैसे फारसे लागत नाहीत, पुष्कळदा जमतं, पण खालचे चिमुकले भाग आवरणाबरोबर उपटून येऊ शकतात. ॲसिटोन झटकन पेट घेतं, वाफ डोक्यात जाते. गच्चीत किंवा उघड्या खिडकीशी, काचेच्या झाकणबंद बरणीत करा. दोन, नव्याने बनवलेला पर्यायी मॉड्यूल विकत घ्या. मी आता दुसराच मार्ग धरतो, आणि एक गेला असेल तर सहाही बदलतो. एकाच वयाचे, एकाच आवरणाचे सहा भाऊ. एकाला झालं ते बाकीच्यांना होणारच, आणि दर वेळी पूर्ण वाद्य उघडून बोर्डाला उष्णता देणं बोर्डाला सोसत नाही.

जुने मॉड्यूल काढताना डिसोल्डर पंपाने प्रत्येक पाय पूर्ण सुटा झाल्याशिवाय ओढायचं नाही. पाय भोकात हलतोय हे डोळ्याने बघा. एक पॅड उपटला की पुढचे दोन तास त्याच्यामागे जातात.

इतर वाद्यांच्या चिपबाबत आता परिस्थिती बरी आहे. प्रॉफेट-५ च्या तिसऱ्या आवृत्तीतली ऑसिलेटर (मूळ सूर निर्माण करणारी) चिप सीईएम३३४० २०१६ पासून पुन्हा बनते. लॅटव्हियातल्या रिगामधली अल्फा कंपनीही तिची जोड, एएस३३४०, बनवते. पॉलीसिक्सच्या एसएसएम२०४४ फिल्टरला एसएसआय२१४४ हा नवा पर्याय आहे, पण त्याचा आकार वेगळा, म्हणून मध्ये छोटा अडॅप्टर बोर्ड लागतो. स्वस्तात 'जुना मूळ स्टॉक' म्हणून विकल्या जाणाऱ्या चिपपासून सावध राहा. वरचं नाव घासून नवं छापलेलं असतं.

पट्ट्या आणि स्लाइडर

गंज सोडवायचं तेल, ज्याचा निळा डबा प्रत्येक घरात असतो, ते स्लाइडरमध्ये कधीही मारू नका. ते जागेवरचं वंगण धुऊन नेतं आणि धूळ धरणारा चिकटा मागे ठेवतं. स्लाइडरसाठी खास वंगणयुक्त क्लीनर मिळतो, थेंबभर पुरतो. पट्टी वाजत नसेल तर बहुतेक वेळा खालच्या काळ्या रबराच्या ठिपक्यावर आणि बोर्डावरच्या कार्बनवर मळ असतो. अल्कोहोलने ओलसर केलेल्या सुती कापडाने दोन्ही हलकेच पुसा. घासू नका, तो काळा थरच वीज वाहतो. पट्ट्या काढून साबणाच्या कोमट पाण्यात धुता येतात. पिवळट पट्ट्या रसायन लावून पांढऱ्या करण्याच्या मी विरोधात आहे. प्लॅस्टिक ठिसूळ होतं, आणि तो रंग त्या वाद्याने कमावलेला असतो.

सूर लावणं

ज्युनोच्या सुराची उंची डिजिटल घड्याळ ठरवतं, म्हणून तो सुटत नाही. पॉलीसिक्सचे ऑसिलेटर तापमानाप्रमाणे हलतात. चालू करून अर्धा तास तापू द्या, पॅनल शक्य तितकं बंद ठेवून, पंखा बंद करून. मगच ट्रिमरला, म्हणजे बोर्डावरच्या जुळवणीच्या स्क्रूला, हात लावा, आणि लावण्याआधी प्रत्येक ट्रिमरची जागा बारीक पेनने खूण करून ठेवा.

पहिल्यांदा पॉवर सप्लायचे व्होल्ट मॅन्युअलप्रमाणे बरोबर करा. ते नंतर हलवले तर केलेलं सगळं वाया जातं. मग एका सुराचा खालचा सा ट्यूनरवर लावा, चार सप्तकं वरचा सा वाजवा, फरक स्केलच्या (सप्तकांमधलं अंतर जुळवणाऱ्या) ट्रिमरने अर्धाच काढा, परत खाली या. तंबोरा लावताना जसं एका तारेला हात लावला की दुसरीकडे परत यावं लागतं, तसंच हे. पाच-सहा फेऱ्यांत जमतं. सहाही सूर झाल्यावर दुसऱ्या दिवशी पुन्हा तपासा.

पाठवणं

एकदा परदेशातून मागवलेला सिंथ माझ्याकडे आला तेव्हा खोका बाहेरून धड होता. आत ट्रान्सफॉर्मरच्या बाजूचा पत्रा वाकलेला, एक बोर्ड त्याच्या प्लॅस्टिकच्या खुंट्यांवरून निखळलेला. फोम एक सेंटिमीटरचा होता. खोका कुठेतरी उभा आपटला, आणि आतलं सगळं वजन एका कोपऱ्यावर आलं. चांगला चालणारा सिंथ त्या विक्रेत्याच्या हातून निघून बिघडलेला माझ्याकडे पोचला. तेव्हापासून पॅकिंगला मी दुरुस्तीचाच भाग मानतो.

पाठवण्याआधी आतले सगळे स्क्रू, विशेषतः ट्रान्सफॉर्मरचे, घट्ट करा. सॉकेटमधले आयसी अंगठ्याने दाबून बसवा. वाद्य आधी स्वच्छ सुती कापडात किंवा पातळ फोमच्या शीटमध्ये गुंडाळा. बबल शीट थेट लावली तर उन्हात तिचे गोल ठसे पॅनलवर उठतात. पट्ट्यांवर मऊ फोमची पट्टी ठेवा. स्लाइडरभोवती त्यांच्यापेक्षा उंच फोमची चौकट करा, म्हणजे वरून दाब आला तरी तो चौकटीवर जाईल, दांड्यांवर नाही.

मग दोन खोके, एकात एक. आतल्यात सगळ्या बाजूंनी पाच सेंटिमीटर घट्ट पॉलिथिन फोम, बाहेरच्यात पुन्हा तेवढाच. थर्माकोल नको, पहिल्याच आपटीत त्याचा भुगा होतो आणि जागा मोकळी होते. दोन्ही टोकांना फोम सर्वांत जाड हवा. खोक्यावर 'आडवा ठेवा' कितीही मोठ्या अक्षरांत लिहा, तो कुठेतरी उभा केला जाणारच, असं धरून चाला. बंद केल्यावर खोका जोरात हलवून बघा. आत काहीही सरकल्याचं जाणवलं तर उघडून पुन्हा भरा. पावसाळ्यात आतला खोका जाड प्लॅस्टिकमध्ये बंद करा, सिलिका जेलच्या पिशव्या घालून.

खर्चाचा अंदाज आधीच करा. विमानाने पाठवताना कुरियर सहसा सेंटिमीटरमधली लांबी, रुंदी, उंची गुणून ५००० ने भागतात आणि खरं वजन यापेक्षा कमी असेल तर हे वजन लावतात. ज्युनो-१०६ साधारण दहा किलोचा. दोन खोक्यांत तो १२० × ५३ × ३३ सेंटिमीटर होतो. म्हणजे बिल ४२ किलोचं. हा आकडा पाहून लोक फोम कमी करतात. करू नका, त्यापेक्षा वाद्य घेताना हा खर्च किमतीत धरा.

मिनीमूग किंवा प्रॉफेटसारख्या वाद्याला लाकडी पेटीच हवी. देशाबाहेर जाणारी पेटी साध्या लाकडाची असेल तर लाकडी पॅकिंगसाठीच्या आयएसपीएम-१५ या आंतरराष्ट्रीय नियमाप्रमाणे उष्णतेची प्रक्रिया केलेलं, शिक्का मारलेलं लाकूड लागतं. सुताराने कोपऱ्यातून उचललेली फळी तिथे चालत नाही. प्लायवूडला या नियमातून सूट आहे, म्हणून मी प्लायची पेटी करून घेतो; पण आतून ठोकलेले लाकडी रिप मात्र शिक्क्याचे हवेत.

महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात शक्य असेल तर स्वतः जा आणि गाडीच्या मागच्या सीटवर घालून आणा. सोलापूरचा पॉलीसिक्स मी तसाच आणला.

कागदपत्रांत खरं लिहा: जुनं, वापरलेलं वाद्य, मॉडेल, सीरियल नंबर, दिलेली किंमत. किंमत कमी दाखवली तर विमाही तेवढाच मिळतो. आयातीसाठी वर्गीकरणात ९२०७ हे शीर्षक बघा, विजेवर आवाज निर्माण करणाऱ्या वाद्यांचं. कराचे दर बदलत असतात, म्हणून पैसे भरण्याआधी कस्टम्स ब्रोकरकडून लेखी आकडा घ्या. वाद्य दुरुस्तीला परदेशी पाठवून परत आणणार असाल तर जातानाच्या शिपिंग बिलावर (कस्टम्सच्या निर्यात कागदावर) सीरियल नंबर असलाच पाहिजे. नाहीतर परत येणारं वाद्य तेच आहे हे पटवणं अवघड होतं. कार्यक्रमासाठी तात्पुरतं नेणाऱ्या वादकांसाठी एटीए कार्नेट हा कस्टम्सचा कागद आहे; भारतात तो फिक्की ही उद्योगसंघटना देते.

वाद्य पोचलं की खोका लगेच उघडू नका. विमानाच्या थंड पोटातून दमट मुंबईत आलेल्या पत्र्यावर दव धरतं. बंद खोका रात्रभर खोलीत राहू द्या. सकाळी उघडताना सुरुवातीपासून व्हिडिओ घ्या, खोक्याच्या सहाही बाजू दाखवा. विम्याचा दावा करावा लागलाच तर तोच पुरावा. मग वाद्य कानाजवळ धरून हलकेच एका बाजूला कलवा. आत स्क्रू घरंगळल्याचा आवाज आला तर प्लग बाजूला ठेवा आणि स्क्रूड्रायव्हर घ्या.